पुलाजवळच्या झाडाचं नाव

मर्टल गली,
१६ सप्टेंबर १९८६

क्लेम,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मी माझ्या नवऱ्याच्या शवपेटीशेजारी उभी राहून चार शब्द बोलत होते. "त्या पुलाजवळच्या मॅना निलगिरीखाली नोएलने मला मागणी घातली," एवढंच म्हणाले, तर तिसऱ्या बाकावरून उठून भर चर्चमध्ये "ती मॅना नव्हे, करडी आहे!" असं ओरडणारा दीर मला मिळाला. त्याला प्रिय म्हणायला दोन वर्षं पुरलेली नाहीत. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मला तो बाक दिसतो. मेव्हिसची पावाची गाडी सकाळी माझ्याकडून तुझ्याकडे जाते आणि दुपारी परत येते. तिच्याकडे चिठ्ठी देत जा. (तिच्या बटाटा-मांस भरलेल्या पेस्ट्या हल्ली चपलेच्या तळव्यासारख्या लागतात, पण हे तिला सांगू नकोस.)

काम आहे म्हणून लिहितेय. दुधाच्या टँकरखाली एक तरणा कोआला आला. ड्रायव्हर बिचारा त्याला रेनकोटात गुंडाळून माझ्या दारात घेऊन आला. मागचा पाय मोडलाय, जनावरांच्या डॉक्टरने सळी घालून दिलीय. जखमी जनावरं आम्ही दोघं मिळून सांभाळायचो; नोएल गेल्यावर माझ्याकडे आलेलं हे पहिलंच. नाव ठेवलंय बिशप, कारण तो खुर्चीत पोट पुढे काढून बसतो आणि आपण काहीतरी पाप केलंय अशा नजरेनं आपल्याकडे बघतो.

तर हा महाराज फक्त मॅनाचा पाला खातो. डॉक्टरने एक भारा दिला होता तो उद्या संपेल. दुसरी निलगिरी तोंडाशी धरली की मान फिरवतो. पूर्वी पाला नोएल आणायचा. पहाटे गाडी घेऊन जायचा आणि भारा घेऊन यायचा. कुठून, ते मी कधी विचारलं नाही. मी कापडवाल्याची मुलगी. डोळे मिटून पॉपलिन आणि कॅम्ब्रिक वेगळं सांगेन, पण झाडं मला सगळी हिरवी दिसतात.

तुझ्या बाजूला मॅना कुठे आहेत तेवढं सांग. दोन ओळीत सांगितलंस तरी चालेल. दोन ओळीत तुला जमणार नाही हे मला माहीत आहे.

नेरिडा

*

सॉमिल रिज,
१६ सप्टेंबर

प्रिय नेरिडा,

मी लिहितो बुवा प्रिय. माझ्या खिशातलं काय जातं?

प्रथम एक खुलासा. त्या दिवशी मी ओरडलो नव्हतो. मी दुरुस्ती केली होती. चुकीचं नाव चर्चमध्ये सगळ्या गावासमोर घेतलं गेलं की ते कायमचं चिकटतं. नोएल माझा धाकटा भाऊ होता, त्याच्यावर माझा जीव होता, म्हणून काय झाडाची जात बदलते?

आता तुझं काम. या खोऱ्यातल्या शंभरावर निलगिऱ्या मी ओळखून ठेवल्यात. प्रत्येकीवर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली आहे. पट्टीवर वर झाडाचं नाव, त्याखाली 'ओळखणार: क्ले. पास्को', आणि त्याखाली 'दुजोरा' अशी एक ओळ. वनस्पतिसंग्रहालयात अशीच पद्धत आहे. एकाने ओळखायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. माझ्या पट्ट्यांवर दुजोऱ्याची ओळ रिकामी आहे. आजवर तशी गरज पडली नाही.

जुन्या आरागिरणीच्या मागे, टेकाडाच्या कडेला सात झाडांची रांग आहे. सगळ्या मॅना. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः पट्ट्या ठोकल्या. खुशाल काप, फांदीला आकडी लावून खाली ओढ, साल सोलवटू नकोस.

आणि तू शिकलीस तर बरं, म्हणून सांगतो. खोडावर जाऊ नकोस. मॅना आणि करडी, दोन्ही उंच, दोन्ही गोऱ्या, दोघींच्या सालीच्या पट्ट्या लोंबतात. खोड बघून नाव सांगणारा माणूस टोपी बघून लग्न ठरवणाऱ्यासारखा. कळ्या बघायच्या. देठाशी तीन कळ्या, मधली सरळ आणि दोन आडव्या, छोट्या क्रूसासारख्या: ती मॅना. सात कळ्यांचा झुबका: ती करडी. पिकलेली बोंडंसुद्धा तशीच, तीन किंवा सात. आमच्या वनस्पती मंडळाच्या बुधवारच्या फेरीला येणाऱ्या बायका हे एका दिवसात शिकतात. तू दोन दिवसांत शिकशील.

क्लेम

ता.क. मेव्हिसच्या पेस्ट्यांबद्दल तू म्हणतेस ते खरं नाही. मला आवडतात.

*

मर्टल गली,
१८ सप्टेंबर

क्लेम,

दोन ओळी म्हणाले होते मी.

काल तुझ्या रांगेतून गाडीभर पाला आणला. एका चोच मारणाऱ्या मॅगपाय पक्ष्याने टेकाडावरून फाटकापर्यंत माझा पाठलाग केला. डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घालून फांद्या कापत होते मी, या वयात. फांद्या बादलीत ठेवल्या, बिशपला उचलून त्यात बसवलं. त्याने एक पान नाकाशी नेलं. हुंगलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा चर्चमधून माझं नाव काढून टाकणार. पान खाली टाकलं आणि पाठ करून बसला.

सातही झाडांचा पाला देऊन पाहिला. कालपासून पोटात एक पान नाही. सिरिंजने दूध घालते, ते अर्धं माझ्या बाहीवर येतं. डॉक्टर म्हणाला, सोमवारपर्यंत स्वतःहून खायला लागला नाही तर सुई देऊन सोडवावं लागेल. कोआलाचं आतडं एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू होत नाही म्हणे.

सोबत ओल्या वर्तमानपत्रात तुझ्या रांगेतली एक डहाळी पाठवतेय. बघ आणि सांग, काय चुकतंय?

नेरिडा

ता.क. मेव्हिसने आज मला दिलेला पाव एका बाजूने कोळसा होता. तिला काही झालंय का?

*

सॉमिल रिज,
१८ सप्टेंबर

प्रिय नेरिडा,

डहाळी पाहिली. अस्सल मॅना. तीन कळ्या, क्रूसासारख्या, इतक्या स्पष्ट की शाळेच्या भिंतीवर लावाव्यात. चूक झाडात नाही, जनावरात आहे. टँकरची धडक बसली की माणसाचीही चव जाते. तुझा बिशप आमच्या मंडळाचा सभासद नाही, त्याचं मत मी नोंदवून घेऊ शकत नाही.

त्याला थोडा वेळ उपाशी ठेव. भूक लागली की खाईल. नोएलही लहानपणी असाच करायचा. भोपळा बघून तोंड फिरवायचा आणि आई ताट उचलायला लागली की गपागपा खायचा.

क्लेम

*

मर्टल गली,
१९ सप्टेंबर

क्लेम,

नोएल साठाव्या वर्षीही भोपळा खात नव्हता. तुझ्यासमोर खायचा आणि घरी येऊन कुत्र्याला सांगायचा की आज माझ्यावर काय प्रसंग आला.

मी तुझं ऐकून कळ्या मोजल्या. खिडकीशी, चष्मा लावून, शिवणाच्या सुईच्या टोकाने. सात. दुसरा झुबका, सात. तिसरा, सहा आणि एक गळून पडलेली. मेव्हिस पाव द्यायला आली तेव्हा तिलाही मोजायला लावलं. तिनेही सात मोजल्या, आणि मग म्हणाली, "मला काय कळणार बाई, माझ्या हातचं सगळं चपलेच्या तळव्यासारखं." हे तिला कोणी सांगितलं? मी फक्त तुला लिहिलं होतं. तू बोललास होय?

ते जाऊ दे. मला भांडायचं नाही. सात म्हणजे करडी, हे तूच लिहिलंयस. माझ्यापाशी दोन-तीन दिवस आहेत. हा प्राणी माझ्या स्वयंपाकघरात पाठ करून बसलाय आणि रात्री लहान मुलासारखा हात पुढे करतो. मला तो मरायला नकोय, क्लेम. नोएलच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. यावेळी फक्त एक झाड ओळखायचंय. कृपा करून एकदा स्वतः त्या रांगेत जाऊन बघून ये.

नेरिडा

*

सॉमिल रिज,
२० सप्टेंबर

नेरिडा,

चाळीस वर्षं मी या झाडांमध्ये घालवली आणि आता कापडवाल्याची मुलगी आणि पाववाली मला कळ्या मोजायला शिकवणार! तुम्ही मोजलंत ते किडीचे फुगवटे असतील. नवशिक्यांचं नेहमीच तसं होतं. मेव्हिसला मी एक शब्द बोललेलो नाही.

रांगेत जाण्याची गरज नाही. मला ती झाडं तोंडपाठ आहेत. गुडघा दुखतो आहे, शिवाय.

दुसरं काही सापडत नसेल तर नाल्याकाठच्या बाभळीच्या पलीकडे दोन मॅना आहेत, पट्टी आहे. मात्र घाबरून पुलाजवळच्या त्या झाडाकडे जाऊ नकोस. ती करडी आहे, हे मी दोन वर्षांपूर्वी सांगितलंय आणि आजही सांगतो. त्यावर माझी पट्टी आहे.

क्लेम

*

मर्टल गली,
२२ सप्टेंबर

क्लेम,

बिशप जेवला!

काल दुपारी मी एका झाडाच्या खालच्या दोन फांद्या आणल्या. बादलीत ठेवायच्या आधीच त्याने हात लांब करून एक ओढली. मग तो जो खायला बसला, तो दिवा लावायची वेळ झाली तरी खातच होता. पानं मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरभर. मी चुलीशी बसून रडले, चहा गार झाला, आणि मग मी एकटीने अख्खं लॅमिंग्टन केकचं ताट संपवलं. आज सकाळी डॉक्टर सुईची पेटी घेऊन आला होता. त्याने बिशपचं पोट दाबून पाहिलं आणि पेटी परत गाडीत नेऊन ठेवली.

आता एवढंच कर. या झाडाचं नाव मला माहीत नाही. डहाळी पाठवतेय. कुठली ते सांगत नाही, तू डहाळी बघूनच सांग. तू जाणकार, मी नवशिकी. नाव कळलं म्हणजे तशीच आणखी झाडं शोधता येतील.

नेरिडा

ता.क. मेव्हिसला मी स्वतः हाताने पॅशनफ्रूटचा केक करून दिला आणि माफी मागितली. आजचा पाव चांगला निघाला.

*

सॉमिल रिज,
२३ सप्टेंबर

प्रिय नेरिडा,

जनावर जगलं, आनंद वाटला. मनापासून.

डहाळी: करडी. यात विचार करण्यासारखं काही नाही. सात कळ्या, पान रुंदट. कुठली ते सांगितलं नाहीस तरी मला कळलं. तू पुलाशी गेलीस. गेलीस ना? चला, त्या निमित्ताने इतक्या वर्षांचा वाद मिटला. तुझा बिशप करडी खातो, म्हणजे त्याच्या आवडीचा अंदाज तुझा चुकला होता, माझ्या झाडांची नावं नाही. हे मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. करडीवर जगणारा कोआला, चांगलं टिपण होईल.

क्लेम

*

मर्टल गली,
२६ सप्टेंबर

क्लेम,

झाला का आनंद? आता ऐक. ती डहाळी पुलाजवळचीच. तुझी पट्टी जिच्यावर आहे तीच. आणि तिच्यावर तीन कळ्या आहेत, क्लेमंट पास्को. तीन! एक सरळ आणि दोन आडव्या. प्रत्येक झुबक्यात तीन, बोंडंसुद्धा तीन-तीन. मी फांदीवरच्या सगळ्या मोजल्या. तू भर चर्चमध्ये उभा राहून माझ्या नवऱ्याने मला सांगितलेलं नाव खोटं पाडलंस आणि तोच बरोबर होता. दोन वर्षं मी त्या पुलावरून गाडी जोरात काढते, तिकडे बघत नाही, कारण मला वाटायचं की माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपारसुद्धा मला धड नावाने आठवत नाही. आता मी तुझ्या बैठकीला येणार. डहाळी घेऊन येणार, आणि तुझ्या त्या बुधवारच्या बायकांसमोर मोठ्याने मोजणार.

हे वरचं बुधवारी लिहिलं. पाकीट बंद करून मेव्हिसच्या हातात द्यायला गेले तर ती घेईना.

म्हणाली, "हे मी त्याला वाचून नाही दाखवणार."

मी म्हटलं, "तू कशाला वाचून दाखवतेस?"

तर तिने हातातली पावाची टोपली खाली ठेवली आणि सगळं बोलली. तू रोज म्हणतोस, 'चष्मा कुठे ठेवला सापडत नाही, जरा वाच ना.' वसंत आला तरी चष्मा सापडलेला नाही. तुझी गाडी जानेवारीपासून शेडमध्ये आहे. फाटकापर्यंत तू कुंपणाची तार धरून येतोस. पहिल्या दिवशी पेस्ट्यांचं वाक्य तिने स्वतःच्या तोंडाने तुला वाचून दाखवलं, आणि तू म्हणालास, मला आवडतात हो. म्हणून ती तुझ्यावर खूश आणि माझ्या वाट्याला कोळसा.

मग मी तुझी सगळी पत्रं टेबलावर पसरली. मी मूर्ख, मला वाटलं होतं तू रागाने वेडंवाकडं लिहितोयस. ओळ ओळीवर चढलीय. २० तारखेच्या पत्रात एकाच जागी तीन वाक्यं एकावर एक आहेत. ते मी लावून लावून वाचलं आणि तुला शिव्या घालत बसले.

माझी मावशी शेवटी अशीच झाली होती. तिला दार दिसायचं, दारातला माणूस दिसायचा, पण त्याचं तोंड दिसायचं नाही. मधलं सगळं पुसल्यासारखं. कडेचं तेवढं उरलेलं. तुझंही तसंच आहे ना रे? झाड दिसतं, कळी दिसत नाही.

आणि हे कधीपासून, याचाही मी विचार केला. पुलाजवळच्या झाडावर पट्टी तू नोएल गेला त्याच हिवाळ्यात ठोकलीस. तो शिडी धरून उभा होता. मी थर्मास घेऊन आले होते. तू वरून म्हणालास, "करडी!" आणि तो म्हणाला, "असेल बाबा." मला आश्चर्य वाटलं होतं, कारण तो तुझ्याशी भोपळा सोडून सगळ्यावर भांडायचा. त्या झाडाच्या खालच्या बाजूला, क्लेम, जुन्या कापलेल्या फांद्यांच्या खुणा आहेत. भरलेल्या, गाठी झालेल्या, खूप वर्षांच्या. तो रोज पहाटे तिथूनच पाला आणायचा. ती मॅना आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने तुझी शिडी धरली आणि तुला चुकीची पट्टी ठोकू दिली. तुझ्या डोळ्यांचं त्याला तेव्हाच कळलं होतं. मला नाही बोलला. तुला तर नाहीच.

म्हणून सगळं पत्र आहे तसं पाठवतेय, वरच्या शिव्यांसकट. त्या मी फाडणार नाही. दोन वर्षं पोटात होत्या, तुझ्या हक्काच्या आहेत. मेव्हिसला सांगितलंय, वाच. तिने केक खाऊन कबूल केलंय.

नेरिडा

*

सॉमिल रिज,
२७ सप्टेंबर

नेरिडा,

माझी नजर उत्तम आहे. मेव्हिस वाचते कारण तिला बोलायला आवडतं. पाव तिच्याकडून घेणं मी आजपासून बंद केलं आहे.

तुझी दया तुझ्याकडे ठेव. यापुढे पत्र नको.

क्लेमंट पास्को

*

मर्टल गली,
३० सप्टेंबर

क्लेम,

पाव बंद केलास तर खाशील काय? स्वतः भाजशील? भट्टीचा आकडा दिसत नाही तुला.

दया कुठून आली मध्येच? मी तुझ्यावर दया केली तर नोएल कबरीतून हसेल. मला बिशपसाठी रोज भाराभर पाला लागतो. अजून बरेच आठवडे लागेल, आणि एका झाडाला किती ओरबाडायचं? मला आणखी मॅना शोधायच्यात. कुठल्या ओघळीत कुठली जात उगवते, पाणी कुठे साठतं, दव कुठे टिकतं, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. माझ्या डोक्यात पॉपलिन आहे. पण कळी मला दिसते. तू कुठे बघायचं ते सांग, मी किती आहेत ते सांगते. आपल्या दोघांचा मिळून एक बरा माणूस होईल.

आणि नाहीतरी तुला डोळेच कशाला हवेत? मी पंधरा वर्षांची असताना माझे वडील दुकानातले दिवे घालवायचे आणि गठ्ठ्यातून हवं ते कापड काढायला लावायचे. बोटांना सवय होते. सोबत दोन डहाळ्या आहेत. एकीला लाल दोरा बांधलाय, दुसरीला गाठ मारलेली लोकर. डोळे मिट आणि मोज. घाई करू नकोस. कळीवरच्या टोपीचं टोक लागतं बोटाला.

एकच विचारते, उत्तर नाही दिलंस तरी चालेल. त्या दिवशी चर्चमध्ये मी बोलत होते तेव्हा तुला शवपेटी दिसत होती, खिडकी दिसत होती. माझं तोंड नव्हतं दिसत, नाही का? गेले चार दिवस मी तोच विचार करतेय. नाहीतर तू एवढा वाईट माणूस नाहीस. आगाऊ आहेस, पण वाईट नाहीस.

नेरिडा

*

मर्टल गली,
२१ ऑक्टोबर

क्लेम,

तीन आठवडे झाले. मेव्हिस म्हणते, तू पाव पुन्हा घ्यायला लागलास, पण चिठ्ठी देत नाहीस. तिने असंही सांगितलं की तुझ्या शेडमधून हातोडीचा आवाज येतो. बोट फोडून घेऊ नकोस.

बिशपची सळी काढली. लंगडतो, पण चढतो. काल पडद्याच्या दांड्यावर चढून बसला आणि खाली यायला तयार होईना. म्हणजे आता त्याला घरी ठेवण्यात अर्थ नाही. डॉक्टर म्हणतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिथे सापडला त्याच्या जवळपास सोडायचा. मी पुलाजवळचं झाड ठरवलंय. त्याला त्याची चव माहीत आहे. खोडावर नखांचे जुने ओरखडेही आहेत, म्हणजे आधीही कोणी तिथे राहून गेलंय.

सोमवारी, ३ तारखेला, सकाळच्या चहानंतर. तुला बोलावत नाही. नुसतं कळवलं.

नेरिडा

*

सॉमिल रिज,
१ नोव्हेंबर

प्रिय नेरिडा,

हे पत्र मी सांगतोय आणि मेव्हिस लिहितेय. मध्ये मध्ये तिची मतं घुसतील, ती माझी समजू नकोस. (समजलीस तरी चालेल. — मेव्हिस)

लाल दोरा: तीन. लोकर: सात. पहिल्या दिवशी दोन्हीकडे पाच लागल्या आणि मी त्या चुलीत टाकायला निघालो होतो. आठवड्याने लागलं. टोपीचं टोक लागतं, तू म्हणतेस ते बरोबर आहे.

मग मेव्हिसच्या गाडीतून पुलाशी गेलो. तिने खालची फांदी वाकवून धरली. माझी पट्टी मी पकडीने उपटून काढली. आरागिरणीमागच्या सातही काढल्या. बाकीच्यांचं बघावं लागेल, एकेक करून. त्याला दोन माणसं लागतील. गुरुवारी मी मोकळा असतो.

बैठकीत मी ते टिपण मांडलं नाही. त्याऐवजी पट्ट्यांबद्दल सांगितलं. बायका स्कोनला लोणी-जॅम लावत राहिल्या. माझ्या मते त्यांना आधीच माहीत होतं. (सगळ्यांना माहीत होतं. — मेव्हिस)

चर्चचं तू विचारलंस. नव्हतं दिसत.

सोमवारी मी येईन. सोबत नवी पट्टी पाठवतोय, ठोकायच्या आधी तू वाचून बघ. अक्षरांचे ठसे हाताने चाचपून मारलेत, ओळ वाकडी गेली असेल. मेव्हिस म्हणते चालेल. खिळे माझ्याकडे आहेत. शिडी तू धर.

क्लेम

(पट्टीवर असं आहे, क्लेम म्हणाला पत्रातही उतरवून दे, पट्टी हरवली तर नोंद राहावी म्हणून. — मेव्हिस)

मॅना
ओळखणार: नो. पास्को
दुजोरा: बिशप